दिवसाच्या शाळेला वीज कशाला

शाळांच्या छपरांवर सरकारी खर्चाने सौर पॅनेल बसवावीत का, असा वाद हल्ली निघाला की मी त्यात बोलत नाही. सत्तरच्या दशकात मी वैरागजवळच्या एका खेड्यात शिक्षक होतो. गावात वीज आली, तेव्हा शाळेला सरकारी खर्चाने जोडणी हवी का, असं पंचायत समितीने विचारलं. हेडमास्तरांनी अभिप्राय लिहायचं काम माझ्यावर सोपवलं. 'शाळा दिवसा भरते, विजेचा खर्च वाया जाईल. त्यापेक्षा कुंपण द्यावं,' असं मी लिहिलं. कुंपण मिळालं.

माझा चौथीचा वर्ग मागच्या खोलीत भरायचा. तिला एकच लहान खिडकी होती. शेवटच्या रांगेतली एक मुलगी वाचताना सारखी अडखळायची. मी तिला मठ्ठ म्हणायचो, आणि वर्षअखेरीला तिला नापास केलं.

सुट्टीत तिची आई बाजारात भेटली. "गुरुजी, पोरगी अंगणात बसून घडाघडा वाचती की. तुमच्या खोलीत तिला अक्षरच दिसत न्हाय म्हनती."

"मग मला आधी का नाही सांगितलं?"

"तुमाला भ्यायची ती."

शाळा उघडल्यावर तिला दाराशी बसवायचं मी ठरवलं. पहिल्या दिवशी ती आलीच नाही, म्हणून मी घरी गेलो. नापास पोरीला पुन्हा कशाला पाठवायचं, म्हणून बापाने तिला खुरपायला धाडलं होतं. मी पुष्कळ विनवलं, चूक माझी होती हेही सांगितलं.

बाप म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुरुजी. आता तिचं मनच उडालंय."