लाल पेटीतला दांडा

आमच्या कारखान्यातले तपासनीस नगरकडचे ख्रिस्ती गृहस्थ होते. शर्टाची गळ्याची गुंडी कायम लावलेली, आणि दर दोन वाक्यांनी "खरं ते खरं". पिंपरीत तेव्हा शेतांमधून नुकते कारखाने उठत होते. आम्ही औत सोडून लेथवर आलेली माणसं. दांडा केसभर जाड राहिला तर काय बिघडतं, असं आम्हांला वाटे. ते मात्र प्रत्येक दांड्याला पोलादी गेज लावून जाडी तपासत. नापास दांड्यावर खडूनं कामगाराचं नाव लिहीत आणि तो लाल पेटीत टाकत.

एकदा माझे बारा दांडे जाड निघाले. मी नवा होतो, नोकरी जाण्याच्या भीतीनं गयावया करू लागलो.

"साहेब, आजच्या दिवस सोडा की."

"माप माझ्या घरचं नाही, राव. सोडू कसं?"

जेवणाची सुट्टी झाली, सगळे पांगले. तपासनीस मात्र बाह्या सारून माझ्या लेथपाशी आले.

"आमच्या प्रभूनं माप सैल केलं नाही. तो स्वतः माणूस होऊन खाली आला," म्हणाले, आणि कामाला लागले.

सहा दांडे त्यांनी लेथवर घासून मापाला उतरवले, सहा मी. मग त्यांनी पुन्हा गेज घेतलं. त्यांच्या हातचा एक दांडा फार बारीक झाला होता. बघायला मी एकटाच होतो, आणि मी कशाला बोलतोय! त्यांनी खडू घेतला, दांड्यावर स्वतःचं नाव लिहिलं आणि तो लाल पेटीत टाकला.

"खरं ते खरं," ते हसून म्हणाले. "तारणारा मलाही लागतो."