तिसऱ्या खोलीखालचा आड

भूकंपात लातूरमधलं आमचं घर वाचलं, फक्त मागची भिंत पडली. वडिलांनी त्याच भिंतीच्या दगडांनी अंगणातला आड बुजवून टाकला. आडामुळं जमीन पोकळ होते आणि पोकळ जमीन आधी खचते, असं तेव्हा गल्लीत जो तो सांगत होता. आई म्हणाली, "चांगलं पाणी हाय ओ त्याला." पण घाबरलेल्या माणसापुढं कुणाचं चालतं?

पुढं शहरात क्लासेसचं पेव फुटलं. हदगाव, उदगीर, कुठकुठून मुलं ट्रंका घेऊन यायला लागली. आम्ही अंगणात खोल्या बांधल्या, तिसरी नेमकी आडावर. आईनं मेस काढली. घर त्या मेसवर चालायचं, आणि आईचा रुबाबही.

पाऊस दगा देऊ लागला तसे वडील बोअर मारत गेले. एक आटला की दुसरा, आणखी खोल. समोरच्या खालांचं बांगड्यांचं दुकान होतं, आणि वर मुलांच्या खोल्या. त्यांनी आपल्या आडातला गाळ काढला आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी पाइपानं त्यात सोडलं.

"मुलं ठेवायचीत का मासे पाळायचेत?" वडील हसले. आम्हीही हसलो. खालांचा सगळा खर्च आमच्या एका बोअरपेक्षा कमीच झाला असेल.

मग तो उन्हाळा आला आणि आमचा शेवटचा बोअरही आटला. टँकरसाठी घागरींच्या रांगा लागल्या. आमची मुलं एकेक करून गेली, काही गावाकडं, बरीचशी समोर खालांकडं.

"भाभी, रोज दोन घागरी घेऊन जावा, लाजू नका," खाला म्हणाल्या. दोन घागरींत घर चालतं, मेस नाही. आईनं मोठी पातेली कोरड्या फडक्यानं पुसली आणि माळ्यावर टाकली. मला फार वाईट वाटलं.

वडिलांनी तिसऱ्या खोलीची फरशी फोडायला गवंडी बोलावला. त्यानं वाकून पाहिलं. "न्हाई जमायचं, मालक. खांबच आडाच्या काठावर उभा हाय."

वडिलांनी गवंड्याला परत पाठवलं. भूकंपाला ते इतके घाबरले होते की दुष्काळाला घाबरायचं राहूनच गेलं.

पाऊस परत आला, मेस काही आली नाही. तिसऱ्या खोलीत भाडेकरू टिकत नाही. दर पावसाळ्यात खालून ओल येते. परवा आई तिथं फडकं घेऊन पुसायला गेली आणि ओल्या फरशीवर हात ठेवून तशीच बसून राहिली.

"पाणी हाय की गं अजून," ती म्हणाली.