चार इंच वर

मिस्त्रीचं अर्धंअधिक आयुष्य गाड्यांच्या पोटाखाली गेलं. चाकांवरचे हादरे झेलणारे पाटे आणि शॉकअप हे त्याचं खास काम. गाडी दचके खायला लागली, एका अंगाला कलली, वळणावर कुरकुरली की लोक ती त्याच्याकडे आणायचे. तो चाकावरच्या पत्र्याला दोन्ही हात लावून गाडी दोनदा खाली दाबायचा, ती कशी वर येते ते बघायचा आणि दुखणं सांगून मोकळा व्हायचा. सहसा चुकायचा नाही.

त्याच्याहून चौदा वर्षांनी मोठी बहीण दोन गल्ल्या सोडून राहायची, एकटीच. शाळेचे गणवेश आणि पडदे शिवायची. आई गेली तेव्हा मिस्त्री आठ वर्षांचा होता. त्याला आंघोळ घालण्यापासून शाळेत त्याच्या वाटची बोलणी खाण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. पुस्तकात याचं डोकं चालत नाही, हात चालतात, हे ओळखून तिनंच त्याला गॅरेजात चिकटवलं. पन्नाशी ओलांडली तरी मिस्त्री तिच्यापुढे आवाज चढवत नसे.

दर शनिवारी सकाळी दहाला ताई पिशवी घेऊन गॅरेजवर यायची आणि दोघं त्याच्या पिकअपमधून कापडबाजारात जायची. बाजार शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. येताना कापडाचे तागे मागच्या हौद्यात. जाऊन-येऊन दोन तास. घरी बसली की दोघंही घुमी. गाडीत मात्र, एकमेकांच्या तोंडाकडे बघावं लागत नसे म्हणून असेल, जिभा सैल सुटायच्या. मुलगी शिकायला परगावी गेल्यापासून घर खायला उठतं, हे मिस्त्रीनं बायकोच्याही आधी ताईला सांगितलं ते गाडीतच. आणि उजवा गुडघा आता जिना चढू देत नाही, हे ताईनं सांगितलं तेही तिथंच.

मग गाड्या उंच करायचं खूळ आलं. तरणी गिऱ्हाइकं फोनवर फोटो दाखवून विचारायची, "मिस्त्री, असा लिफ्ट किट बसवाल का?" मिस्त्रीनं ठरवलं, आधी आपल्याच गाडीला बसवायचा, म्हणजे गल्लीतून जाता-येता जाहिरात आपोआप होईल. आणि खरं सांगायचं तर त्याच्या मनात आणखीही एक होतं. जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्यांखाली सरपटलेल्या माणसाला एकदा आपलीही गाडी ऐटीत उभी राहिलेली बघायची होती.

तीन दिवस तो त्यातच होता. मागच्या पाट्यांचे यू-बोल्ट गंजून दगड झाले होते. त्यांना तेल पाजून, हातोड्यानं चुचकारून त्यानं एकेक सोडवला. नवे कमानदार पाटे चढवले. पुढे उंच स्प्रिंगा, चारी चाकांना लांब शॉकअप. ब्रेकचे पाइप ताणले जातात असं दिसल्यावर तेही लांब टाकले. कामात कसूर म्हणून ठेवली नाही. राहिलं होतं फक्त दारापाशी चढायला पायदान लावायचं. ते मागाहून बघू, म्हणाला. शुक्रवारी संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरली तेव्हा पुरती चार इंच वर होती. मिस्त्री रस्त्यापलीकडे जाऊन, कमरेवर हात ठेवून किती तरी वेळ बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दहाला ताई आली. शेजारचा रंगारी, दोन-तीन गिऱ्हाइकं, सगळे गाडीभोवती जमले होते.

"हे काय केलंस रे?" ताई म्हणाली.

"उंच केली. कशी दिसते?"

"दिसते झोकात. पण चढायचं कुठून?"

तिनं दाराची कडी धरली, डावा पाय वर टाकला, पण उजव्यावर भार येईना. पुन्हा एकदा केलं. मग हळूच म्हणाली, "एखादं स्टूल दे बरं."

स्टूल आत, हाताशीच होतं. पण मिस्त्री त्या दिवशी हवेत होता. "स्टूल कशाला? मी आहे ना!" म्हणत त्यानं तिला मागून कमरेला धरलं आणि एका दमात उचलून सीटवर ठेवलं. पिशवी खाली पडली, एक चप्पल निसटली.

"मिस्त्री, जॅक लावायचा की!" रंगारी म्हणाला.

सगळे हसले. मिस्त्रीही हसला. सगळ्यांत मोठ्यानं तोच हसला. चप्पल उचलून त्यानं ताईच्या हातात दिली. तिनं ती पायात घातली आणि समोरच्या काचेतून सरळ बघत राहिली.

त्या दिवशी ती फारसं बोलली नाही. मिस्त्रीला वाटलं, गुडघा दुखत असेल. परत आल्यावर त्यानं स्टूल ठेवलं, ती त्यावर पाय देऊन उतरली आणि घरी गेली.

पुढच्या शनिवारी तिचा फोन आला, या आठवड्यात कापड नको. त्याच्या पुढच्या शनिवारी पाहुणे होते. मग म्हणाली, एक व्यापारी घरपोच माल देतो. मिस्त्रीनं सगळं खरं मानलं. मानणं सोयीचं होतं. उंच गाडी बघून कामं रांगेनं यायला लागली होती आणि शनिवारची सकाळ मोकळी मिळत होती. पायदानाची आठवण व्हायची, पण तेवढ्यात कुणी तरी हाक मारायचं.

असे सहा-सात महिने गेल्यावर बायकोनं एकदा टोकलं. "अहो, ताईंच्या घरी माल येत नाही. त्या स्वतः जातात. मी बघितलं."

"जातात तर जाऊ देत. मला सांगायला काय झालं होतं?"

"तुम्ही विचारलंत कधी?"



त्यानंतर तीनेक आठवड्यांनी तो सुटे भाग आणायला गाडी घेऊन कापडबाजारावरून चालला होता. कोपऱ्यावर ताई दिसली. एक तागा खांद्यावर, दोन पायाशी, भाड्याच्या टेम्पोची वाट बघत उन्हात उभी. उंचावरून तिच्या डोक्यावरचे विरळ झालेले पांढरे केस तेवढे नीट दिसले. तिनं वर बघितलं. गाडी ओळखली. मग खाली वाकून, नीटच ठेवलेले तागे पुन्हा नीट ठेवायला लागली.

मागून हॉर्न वाजत होते. गाडी बाजूला घेणं काही अवघड नव्हतं. मिस्त्रीनं घेतली नाही. काय बोलायचं ते सुचलं नाही, म्हणून तो पुढे निघून गेला.

हे मात्र त्याच्या मनात रुतून बसलं. जेवताना, पाना फिरवताना, मध्येच हात थांबायचा. शेवटी एका सोमवारी त्यानं गॅरेजची कामं बाजूला सारली आणि आपली गाडी जॅकवर घेतली. जुने पाटे मागच्या भिंतीशी पडले होते, ते घासूनपुसून बसवले. उंच स्प्रिंगा काढल्या.

रंगारी येऊन बघून गेला. "काय मिस्त्री, एवढं चांगलं काम उलटं का करता?"

"चांगलं नव्हतं," मिस्त्री म्हणाला.

शनिवारी तो स्वतः ताईच्या दारात गाडी घेऊन गेला. ती बाहेर आली, गाडीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. कुलूप लावलं आणि कुणाचा आधार न घेता आत बसली.

गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मग मिस्त्री म्हणाला, "खाली घेतली गाडी. आता तुला त्रास नाही व्हायचा."

"उंचीचं नव्हतं रे काही."

"मग?"

"तू हसलास."

मिस्त्रीनं गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

"रंगारी हसला, त्याचं मला काही नाही," ताई म्हणाली. "तो परका. आणि उचललंस त्याचंही नाही. मी तुला थोडं का उचललंय? पण मी स्टूल मागितलं होतं. तू ऐकलंस आणि ऐकलं नाहीस."

"चुकलं, ताई."

"चुकलं ते मला त्याच दिवशी कळलं. तुला कळायला आठ महिने लागले." हे ती रागावून बोलली नाही. कापडाचं माप सांगावं तसं सांगितलं. थोड्या वेळानं विचारलं, "पोरगी काय म्हणते तुझी?"

बाजार झाला. तागे हौद्यात पडले. येताना ती पहिल्यासारखी पुष्कळ बोलली आणि मिस्त्रीला वाटलं, गाडी पुन्हा रुळावर आली.

उतरताना त्यानं विचारलं, "पुढच्या शनिवारी दहाला येऊ?"

ताई जरा घुटमळली. "अरे, आम्ही तिघी शिवणाऱ्या मिळून टेम्पो करतो आता. एकीची मान धरलीय, दुसरीचा नवरा अंथरुणाला खिळलाय. तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. बाजार झाला की चहा घेतो, तासभर बसतो. मी नाही गेले तर त्यांचं गणित बिघडेल." मग त्याच्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "बरं वाटतं मला त्यांच्यात."

मिस्त्रीनं तागे आत नेऊन ठेवले, पाणी प्यायला आणि निघाला.

आताही त्याच्याकडे गाड्या उंच करायला येतात. तो करतो. फक्त आधी विचारतो, गाडीत बसतं कोण कोण? गिऱ्हाईक म्हणतं, तुम्हाला कशाला? मग तो पायदानाचं माप आधी घेतो आणि ते बसल्याशिवाय गाडी दारातून सोडत नाही.

ताईचं आणि त्याचं बरं आहे. ती घरी येते, जेवते, त्याच्या बायकोशी गप्पा मारते. त्याच्याशी मात्र घरात बोलतात तेवढंच बोलणं होतं: तब्येत, लाइट बिल, मुलीची परीक्षा. ती दोन तासांची बोलणी कुठं ठेवायची ते दोघांनाही सापडलेलं नाही.

एखाद्या शनिवारी अकराच्या सुमाराला मिस्त्री हात पुसतो आणि तिला फोन लावतो. पलीकडे टेम्पोची घरघर आणि बायकांचा कलकलाट असतो.

"बोल रे, पटकन बोल," ताई म्हणते.

"काही नाही," मिस्त्री म्हणतो. "सहज केला."