खुराड्याचं मागचं दार

फौजेत माझ्या हाताखाली असलेल्या भानुदासची आई दुसऱ्या दिवशी पैठणहून एसटीनं येणार होती, डालग्यात चार कोंबड्या घेऊन. आणि माझ्या परसात खुराड्याचा अजून पत्ता नव्हता. सामान येऊन पडलं होतं. नकाशा ठरत नव्हता.

फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि चिकलठाण्याला, विमानतळाच्या अलीकडं घर बांधलं. बायकोला कोंबड्या पाळायच्या होत्या. त्यावरून आठवडाभर घरात जुंपलेली. सुनेनं मोबाइलवर एक नमुना दाखवला. लाकडी भिंती, कौलारू छप्पर, पुढं व्हरांडा. मी म्हटलं, "कोंबड्या ठेवायच्यात का पाहुणे?" ती फुगली. बायको म्हणाली, "मग तुम्हीच ठरवा. पण आई यायच्या आत ठरवा."

शेवटी शेजारच्या सलीमभाईला बोलावलं. त्याचं वेल्डिंगचं दुकान आहे. त्यानं परस पाहिलं आणि उभ्या उभ्या सांगितलं, "अँगल का ढाँचा, चारों तरफ जाली, सामने एक दरवाजा. बस."

"मागं पण दार पाहिजे."

"पीछे कायकू, हवालदार साब? इधर कुत्ते-बिल्लियाँ कित्ते हैं, देखे ना? एक दरवाजा संभालना मुश्किल, तुम दो बोलते."

त्याचं चुकत नव्हतं. आमचे सुभेदार साहेबही हेच म्हणाले होते. मी त्याला ग्राइंडर खाली ठेवायला लावला, ओट्यावर बसवलं आणि सांगितलं. तेच इथं लिहितो.

आमची पोस्ट सीमेवर, डोंगराच्या धारेवर होती. मी तेव्हा नायक, सेक्शन कमांडर. दिवस ठरलेला. पहाटे स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात. मग चहा, सफाई, ड्यूटी. संध्याकाळी पुन्हा स्टँड-टू. उरलेल्या वेळात थंडीशी कुस्ती.

खेचरांवरून रसद यायची. एकदा रसदीबरोबर कोंबड्या आल्या. त्या पातेल्यातच जायच्या होत्या. लान्स नायक भानुदास आडवा आला. पैठणकडचा गडी, खांदे असे दांडगे की दारात उभा राहिला की बंकरमध्ये अंधार. म्हणाला, "नायकसाब, कापल्या तर एक दिस खाऊ. पाळल्या तर रोज अंडी."

पोरांना ते पटलं. पण खुराडं कुठं आणि कसं, यावरून सेक्शनमध्ये दोन तट पडले. मी म्हटलं, लंगरखान्यामागं एक पेटी ठेवा, वास तरी येणार नाही. भानुदासचं निराळंच. खुराडं बंकरच्या मागच्या भिंतीला चिकटून, म्हणजे बुखारीची, आमच्या रॉकेलच्या शेगडीची, ऊब कोंबड्यांना मिळेल. त्याला एक दार बाहेर आणि एक थेट बंकरमध्ये.

"आमच्या आईचं खुराडं असंच दोन दारांचं हाय," तो म्हणाला. "मुंगूस पुढनं घुसलं तर कोंबडी मागनं पळती. एकच दार असलं की कोपऱ्यात घावती."

सुभेदार साहेब पाहणीला आले. "बंकर की दीवार में छेद? दिमाग ठिकाने है?"

भानुदास सावधानमध्ये उभा राहिला आणि त्याच स्थितीत त्यांना मुंगूस समजावून सांगितलं. साहेब शेवटी हसले. स्टँड-टूच्या वेळी भोकाला रेतीच्या गोण्या लावायच्या, या अटीवर परवानगी मिळाली.

भोक त्यानं ऐसपैस केलं. गोळ्यांच्या पेटीचं झाकण दाराला लावलं. मी चिडवलं, "अंडी काढायचीत का रेडकू?"

"साफ कराया अर्धं अंग आत घालावं लागतंय, नायकसाब." मापाला त्यानं आमचा रेडिओ ऑपरेटर यादव आत-बाहेर करून पाहिला. यादव म्हणजे काडी. अख्खी पोस्ट हसली होती त्या दिवशी.

पुढं बर्फ आला. बाहेर पाऊल न टाकता रोज अंडी मिळू लागली, आणि माझं तोंड बंद झालं.

मग ती दुपार. बंकरमध्ये आम्ही तिघं. मी, भानुदास, यादव. पलीकडून तोफा सुरू झाल्या आणि पहिला गोळा दरवाजापुढंच पडला. ओंडके, दगड, गोण्या, सगळं दरवाजावर कोसळलं. यादवचा पाय तुळईखाली. बुखारी उलथली, रॉकेल सांडलं आणि आग धरली. धुरानं डोळे उघडेनात. आम्ही दोघांनी तुळई उचलून यादवला ओढलं. मी रेडिओ सेट घेतला.

"दरवाजा बंद. अंदर आग. तीन आदमी. ओव्हर."

"कब तक टिक सकते हो? ओव्हर."

"नहीं टिक सकते. ओव्हर."

थोडा वेळ नुसती खरखर. मग सुभेदार साहेबांचा आवाज. "फायर चालू है. आदमी नहीं भेज सकता. खुद निकलो. आउट."

तोवर भानुदासनं लाथेनं पेटीचं झाकण उडवलं होतं. खुराडं रिकामं. कोंबड्या बाहेरच्या दारानं केव्हाच पसार झाल्या होत्या.

यादवला एकट्यानं निघणं शक्य नव्हतं. एकानं बाहेरून ओढायचं, एकानं आतून ढकलायचं. मी म्हटलं, "भानुदास, तू आधी नीघ. तुझ्यात जोर आहे."

"नाय नायकसाब. मी अडकलो तर तिघंबी हितंच ऱ्हाऊ. तुम्ही निघा."

सगळ्या नोकरीत माझा तेवढाच हुकूम त्यानं मोडला. वाद घालायला वेळ नव्हता, आणि त्याचं बरोबर होतं. मी भोकातून सरपटत बाहेर निघालो. यादवला त्यानं ढकललं, मी ओढलं. यादव बाहेर आला.

मग भानुदास. डोकं आलं, एक हात आला. खांदे अडकले. मी हातानं दगड उपसत होतो, नखं निघाली. दोन दगड सुटले. तो खोकत होता. म्हणाला, "वाईच रुंद पायजे व्हतं." आणि हसला, खरंच हसला.

दुसरा गोळा छतावर पडला. त्याचा हात माझ्या हातात होता. त्याची पकड सुटली. मी सोडली नाही.

मला अजून त्याचा राग येतो. माझ्या सेक्शनचा गडी, मला न विचारता गेला.

सलीमभाई ओट्यावरून उठला. ग्राइंडर उचलला. "पीछे का दरवाजा कित्ता चौडा रखू?"

मी हातानं माप दाखवलं. त्यानं संध्याकाळपर्यंत खुराडं उभं केलं.

आई दुसऱ्या दिवशी सकाळीच आल्या. डालगं खाली ठेवलं, पाणीसुद्धा न पिता परसात गेल्या. भानुदास कसा गेला ते मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो अडकला, एवढंच सांगितलं नव्हतं. आईला ते ऐकवायचं काळीज माझ्याकडं नव्हतं.

त्यांनी पुढचं दार पाहिलं, मागं गेल्या, मागचं उघडलं. "माझ्यावाणीच केलंस की रं दत्ता," म्हणाल्या. मग चौकटीवर वीत ठेवली. "एवढं कशापाई? कोंबडीला लई झालं हे."

"पोस्टवर एवढंच होतं, आई."

बोलून गेलो आणि जीभ चावली. सलीमभाईनं माप विचारलं, तर हातांनी तेच माप दिलं होतं. फौजेची सवय. बघितलं तसं हुबेहूब करायचं.

आईंनी पुन्हा वीत ठेवली. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यांना कळलं. मला दिसलं की कळलं.

"ह्यातनं माझा भान्या कसा निघंल रं?" त्या म्हणाल्या. "त्याचे खांदे माझ्या हातानं तेल लावून केलेले."

मी तिथंच मातीत बसलो आणि रडलो. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मग खुराडं कुणी केलं ते विचारलं आणि कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "सलीम! मशिन घिऊन ये बाबा. हे दार रुंद करायचं हाय."

सलीमभाई आला. कुत्र्या-मांजरांचं अवाक्षर काढलं नाही. "कित्ता, अम्मा?"

आईंनी दोन्ही हात पसरले. त्यानं तेवढं कापलं.

आता रोज संध्याकाळी मी दोन्ही कड्या लावतो. आधी पुढची, मग मागची. येणारे-जाणारे विचारतात, कोंबड्यांना एवढं मोठं दार कशाला. मी सांगतो, ते कोंबड्यांचं नाही. लान्स नायक भानुदासच्या मापाचं आहे.