दोन दारांची खोली

रामलाल हे माझे भासरे होते, म्हणजे माझ्या नवऱ्याचे मोठे भाऊ. यंदा रोवणीच्या, म्हणजे धान लावायच्या, दिवसात ते गेले. त्यांचं नाव मी आजवर तोंडानं घेतलेलं नाही. आमच्यात लहान भावाची बायको भासऱ्याचं नाव घेत नाही, समोर येत नाही, त्यांच्याशी बोलत नाही. चुकून पदराचा धक्का लागला तर दोघांनाही आंघोळ करावी लागते. लिहून नाव घेतलं तर चालतं की नाही, हे मात्र कोणी सांगून ठेवलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकली, तेवढ्यात हा प्रश्न आला नव्हता. म्हणून लिहिते.

तिरोड्याजवळच्या आमच्या गावात एकाच घरात आमचा जन्म गेला. इतक्या वर्षांत मी त्यांचे पाय पाहिले, धोतराचा काठ पाहिला, आणि पाठमोरे असले तर पाठ पाहिली. चेहरा म्हणाल तर भिंतीवरच्या फोटोतला, तोही जवानीतला. बाकी माणूस माझ्यासाठी आवाजच होता. आणि आवाज असा, की त्यांनी बांधावरून बैलाला हाक मारली तर घरातल्या कोंबड्या माना वर करत.

आमचं बोलणं मोठ्या जाऊबाईंच्या तोंडून व्हायचं. त्यांचं नाव धनवंता. मी दाराआडून म्हणायची, "बाई, विचारा, भात वाढू का." भासरे तिथंच जेवायला बसलेले, ऐकत असत. तरी धनवंताबाई विचारत, "भात वाढू का म्हणते." ते म्हणत, "थोडासा दे म्हणा." मग बाई मला सांगत, "थोडासा दे म्हणतात." तोवर भात थंड होऊन जाई, पण रीत गरम राही.

धनवंताबाई गेल्या, पोरं आपापल्या कामाला बाहेर पडली, तेव्हा आमच्यामध्ये राहिली गाय. ते कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, उभे राहून गाईला म्हणत, "गाय, बाजारात जाऊन राहिलो. काई आणाचं असन त सांगा म्हणा." मी मागून म्हणायची, "गाय, मीठ सरलं म्हणा." आमच्या गाईला किराण्याचे सगळे भाव पाठ होते.

हे वाचून नव्या पोरी हसतील. हसू द्या. पण हा माणूस जुन्या डोक्याचा नव्हता. गावात कोणाच्याही घरी जेवायचा, पोरींना शिकवा म्हणायचा. मग माझ्याच बाबतीत एवढं कडक काऊन, ते सांगते.

माझा नवरा श्यामलाल रोवणीच्या दिवसात धानाच्या बांधीत साप चावून गेला. माझा ओमेश तेव्हा अंगावर पीत होता. मी भर जवानीत, घरात धडधाकट भासरा, आणि गावाला पावसाळ्यात बोलायला विषय पाहिजेच असतो. माझा भाऊ मला माहेरी न्यायला आला. त्या दिवशी भासऱ्यांनी सब्बल घेतली आणि घराची मागची भिंत फोडली. तिथं दार बसवलं. धनवंताबाईंच्या तोंडून मला निरोप आला, "हे तुझं दार. तुझं येणंजाणं इथून. समोरच्या दारानं मी. ज्याले पाहाचं असन त्यानं पाहावं."

लोक आधी हसले. मग पाहू लागले. मग पाहायचंही सोडून दिलं, कारण पाहण्यासारखं काही नव्हतंच. ते मागच्या अंगणात कधी आले नाहीत. माझा ओमेश मोठा झाला, शिकला, गोंदियाजवळ कुडव्यात घर बांधलं. माझ्या नावावर एक शब्द कोणी बोललं नाही.

मागच्या पावसाळ्याच्या शेवटी त्यांचा आवाज बसला. बिडी ओढणाऱ्याचा घसा बसतोच, म्हणून कोणी मनावर घेतलं नाही. दसऱ्यानंतर नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, गाठ आहे, आवाजाची पेटी काढावी लागेल. जीव राहील, आवाज जाईल. ऑपरेशन दिवाळीनंतर ठरलं.

घरी आल्यावर ते एवढंच म्हणाले, "जाणार त जाणार. पण त्याच्या आधी साऱ्याइले एकदा माझ्यासमोर बसवा. मले एकेकाशी बोलाचं हाये."

आता हे सारे म्हणजे किती. त्यांचा मुलगा भूपेंद्र, गोंदियात त्याचं हार्डवेअरचं दुकान. त्याची बायको दुर्गेश्वरी, पोरं, लेकी, जावई, नातवंडं. इकडून माझा ओमेश आणि त्याचं घर. एक छोटी वरात होईल एवढी माणसं, आणि एकालाही गावात यायला सवड नाही. तेव्हा ओमेशची मुलगी खुशबू, पुण्यात नोकरी करते ती, म्हणाली, "गावात कोणी नाही येणार. नागपूरच्या पुढे पाण्याचं मोठं पार्क आहे, तिथं राहायची सोय पण आहे. दिवाळीच्या सुट्टीत तिथं चला म्हटलं तर पोरं आईबापाला ओढत आणतील."

भासऱ्यांना ते पटलं. म्हणाले, "पोरं पाण्यात, मोठे माझ्याजवळ. चांगलंच हाये."

सगळं ठरलं, राहायची जागा तेवढी ठरेना.

खुशबू दसऱ्याला आली होती ती घरूनच काम करत थांबली होती. तिनं मोबाईलवर फोटो दाखवायला सुरुवात केली. मी आपली माजघराच्या भिंतीआड.

"आबाजी, हा हॉल पाहा. ओळीनं गाद्या. सगळे एका ठिकाणी."

"दार कोठी हाये?"

"हे काय, इथं."

"अन् दुसरं?"

"दुसरं कशाला?"

"नाई जमत."

मग तिनं कॉटेज पाहिल्या. वर चढायला पायऱ्या होत्या, म्हणून आम्हा दोघांचे गुडघे लक्षात घेऊन तिनं खालची एक खोली शोधली. मायेनंच शोधली पोरीनं. "आबाजी आणि आजी खाली, दोघांना एक खोली, दोन पलंग." मग भासरे उठून कोठ्यात निघून गेले. मी इकडे पदर तोंडात घालून बसली, हसू येत होतं आणि लाजही.

मग तंबू आले. तंबूला दारच नाही, नुसता पडदा. तेही नाही जमत. मग लांब ओळीतल्या खोल्या आल्या, समोरासमोर दारांच्या. त्याही गेल्या. प्रत्येक फोटोवर ते बहिर्गोल काच धरायचे, पलंग पाहायचे नाहीत, टीव्ही पाहायचे नाहीत, दार पाहायचे.

भूपेंद्र रविवारी दुकान बंद करून दुर्गेश्वरीला घेऊन आला. त्याला वाटलं, बापाला म्हातारपणी वास्तूचं खूळ लागलं. त्यानं समोरच त्या पार्कवाल्याला फोन लावला, "भैया, पूरब को मुंह वाला कमरा है क्या?" त्या बिचाऱ्यानं तसली कॉटेजही शोधून दिली. तिलाही दार एकच.

"बाबूजी, आखिर पाहिजे तरी काय तुम्हाले?"

"मी काई मागून राहिलो का?"

"मंग नाई नाई काऊन म्हणता?"

दुर्गेश्वरी चहा ठेवता ठेवता बोलली, "बाबूजीले पाण्याचं भेव हाये. दाराले कायले नावं ठेवता, सरळ सांगा ना."

भासऱ्यांचा आवाज आधीच घोगरा झालेला, तो असल्या गोष्टींत त्यांना खर्चायचा नव्हता.

मी सगळं समजून होती. दुपारी ते आत असताना कोठ्याजवळ गेली आणि म्हटलं, "गाय, मी घरीच राहते म्हणा. मले कायचं पार्क. जा म्हणा साऱ्याइले घेऊन."

गाईपलीकडून घोगऱ्या आवाजात आलं, "गाय, श्यामलालच्या घरचं माणूस मांगं ठेवून मी फिराले गेलो, असं आजवर झालं का? आता कायले होईन."

दिवाळी जवळ येत होती. पोरं रोज फोन करत होती, झालं का, झालं का. शेवटी मी खुशबूला मागच्या दारात बसवलं आणि ते दार काय आहे ते सांगितलं.

ती आधी हसलीच. "आजी, पण आता कोण बोलणार आहे तुला? पंच्याहत्तरीला आलीस तू."

"कोणी नाई बोलणार. काऊन नाई बोलणार, तेच त सांगून राहिली."

पोरीनं उठून दारावरून हात फिरवला, फळी जुनी आहे, तिच्या हाताला लाकडाची कूस लागली. ती काढत काढतच तिनं मोबाईल घेतला. दोन दिवस ती शोधत होती. पार्कच्या अगदी कोपऱ्यात एक मोठं घर निघालं, मालकाच्या पाहुण्यांसाठी बांधलेलं. मागं स्वयंपाकघर, त्याला लागून खोली, आणि तिला आपलं वेगळं दार.

तिनं भासऱ्यांना फोटो दाखवला. काच बराच वेळ फिरली असावी.

"हे दार कोठी निघते?"

"मागच्या बागेत, आबाजी. समोरच्या दाराशी काही संबंध नाही."

"मंग ठीक हाये," ते म्हणाले. आणि हसले. मी भिंतीआड होती, पण हसू आवाजात कळतंच.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. दुपारी ते कोठ्यात बसून काय बोलायचं त्याची तयारी करत. मला आडून ऐकू येई. भूपेंद्रला सांगायचं, बहिणींना आंब्याच्या दिवसात बोलावत जा. ओमेशला सांगायचं, शेत विकू नको, आणि विकलंच तर मला सांगायला येऊ नको. दुर्गेश्वरीला सांगायचं, तुझ्या हाताची वडी तुझ्या सासूपेक्षा चांगली होते, ती होती तोवर बोलता आलं नाही. एकेक करून सगळे झाले. मग म्हणाले, "अन् श्यामलालची..." आणि थांबले. गाय रवंथ करत होती. "हे तिथंच पाहू," म्हणाले.

दिवाळीला थोडेच दिवस होते. धान कापायला मजूर लागले होते. जेवणाच्या सुट्टीत शेतातून ते घरी येत होते, आणि रस्त्यातच त्यांचा श्वास अडकला. गाठ वाढून हवेची वाट बंद झाली होती. कापणीसाठी आलेल्या ओमेशनं मोटारसायकलवर धरून आणलं, तिथून गाडीनं नागपूर. डॉक्टर कोणासाठी थांबायला तयार नव्हते. त्याच दिवशी घसा उघडला, आणि त्या आठवड्यात पेटी काढली.

कोणाशीच बोलणं झालं नाही.

घरी आले तेव्हा मानेला भोक आणि त्यावर मलमलचा तुकडा. श्वास तिथूनच जायचा, यायचा. घरात ते कुठं आहेत हे मला कळेनासं झालं. आधी मला बरोबर माहीत असे, आता ते अंगणात आहेत की खाटेवर, काही पत्ता नाही. दोनदा मी समोर गेली आणि दचकून मागं फिरली. त्यांना त्याचं फार वाईट वाटे. मग ते दिवसभर खाटेवरून हलायचेच नाहीत.

मे महिन्यात पोरांनी पुन्हा पार्क काढलं. डॉक्टरांनीही सांगितलं होतं, म्हाताऱ्याला चार माणसांत न्या, घुमे होत चालले आहेत. कोपऱ्यातलं ते घर सुट्टीभर दुसऱ्यांनी घेतलं होतं. खुशबूनं पुण्याहून फोन करकरून पाहिलं, नाही मिळालं. हॉल तेवढा रिकामा होता. भूपेंद्र म्हणाला, "हॉलच घेऊन टाकू. आता कोण नाई म्हणते?"

कोणीच म्हटलं नाही. नाही म्हणायला त्यांच्याकडे आवाज नव्हता. दुर्गेश्वरी नंतर सांगत होती की बाबूजींनी नाही म्हणून मान हलवली होती, पण भूपेंद्र फोनवर होता.

हॉल मोठा होता. थंड होता. ओळीनं गाद्या, एका टोकाला त्यांची, दुसऱ्या टोकाला माझी. खुशबूनं विचारलं, "आजी, मध्ये चादर बांधू का?" मी नको म्हटलं. एवढ्या जावयांसमोर चादर बांधणं म्हणजे सगळ्यांना ओरडून सांगणं. त्यापेक्षा मी माझी गादी भिंतीकडं वळवून घेतली.

जेवणं झाली आणि सगळी मंडळी पाण्यात गेली. मला गुडघ्यामुळं घसरायची भीती. त्यांना तर पाण्याच्या जवळही न्यायचं नव्हतं, गळ्यातल्या भोकात थेंब गेला तरी जीव घाबरा होतो. पाण्याच्या पार्कात आलेली दोन कोरडी माणसं, तीही एका खोलीत. बाहेर गाणी वाजत होती, पोरं किंचाळत होती.

काठीचा आवाज आला. मी थोडी मान वळवून पाहिलं. ते उठून बाहेर गेले होते आणि पायरीवर बसले होते, हॉलकडं पाठ करून. मेचं ऊन थेट अंगावर. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं की म्हातारा बाहेर आहे.

मी वाट पाहिली की कोणी येईल, त्याला सांगू. कोणी आलं नाही. त्यांच्या मानेवर घामाच्या धारा दिसत होत्या. मग मी दाराशी गेली आणि म्हटलं,

"आत या. ऊन लागते."

एवढंच. पण मध्ये बाई नव्हती, गाय नव्हती. माझा आवाज सरळ त्यांच्याकडं गेला.

ते वळले नाहीत. पाठ ताठ झाली. हात गळ्यावरच्या कापडाकडं गेला. खांदे वर आले, आणि ते बोलू लागले. हवाच निघत होती, भात्यासारखी. थांबत होते आणि परत बोलत होते. हो किंवा नाही म्हणायला एवढं लागत नाही. ते बरंच लांब होतं. मी चौकट धरून ऐकलं. एक शब्दही कळला नाही.

मग ते थांबले. त्यांचे कान लाल झाले होते. मी काहीतरी म्हणावं म्हणून वाट पाहत असावेत.

"बरं," मी म्हटलं.

त्यांनी हळूच मान डोलावली. पोरं ओली होऊन परत येईपर्यंत ते तिथंच बसून राहिले, आणि मी दाराच्या आत उभी राहिली.