काकांची झडती

नर्मदेकाठच्या आमच्या हिंदीभाषी शहरात, चेरीताल मोहल्ल्यात, असा एकही मराठी माणूस नाही ज्याचा डबा, पिशवी किंवा खिसा आमच्या शेजारच्या काकांनी एकदा तरी तपासलेला नाही. संरक्षण खात्याच्या एका फॅक्टरीत ते एकतीस वर्षे गेटवर दरबान होते. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या प्रत्येकाची झडती घेणे हे त्यांचे काम. निवृत्तीनंतर काम सुटले, हाताची सवय सुटली नाही. मी पेढे घेऊन गेलो, तर ते आधी खोक्याचा तळ दाबून पाहतात आणि मग अभिनंदन करतात. भाजीवाल्याच्या हातगाडीवरची मेथीची जुडी ते अशी झटकतात की आतून पिस्तूल पडेल अशी भाजीवाल्यालाच शंका यावी. माझे वडील त्याच फॅक्टरीत फिटर होते आणि काकांचे जिवलग मित्र. त्यांचाही डबा रोज उघडला जाई. "दोस्ती गेटच्या बाहेर," असे बजावून काका डब्यातले एक भजे उचलत. ते भजे मात्र गेटवरच खात.

माझ्या बारशाचा एकही फोटो नाही, त्याचे कारण हेच काका. बारशाचा रोल वडील कामावर जाताना वाटेत स्टुडिओत देणार होते आणि तो चुकून डब्याच्या पिशवीत राहिला. फॅक्टरीत कॅमेरा आणि फिल्म दोन्हींना बंदी. काकांनी रोल पकडला. वडिलांनी हात जोडले. काका म्हणाले, "एकदा बघितल्यानं काही होत नाही त्याले." मग भर उन्हात त्यांनी डबीतून फिल्म शेवटपर्यंत ओढून काढली, सूर्यासमोर धरली, एक डोळा मिटून हातभर हातभर सरकवत तपासली आणि निर्णय दिला, "काहीच नाही यात. कोरा आहे. जा." फिल्म धुण्याआधी तिच्यावर काही दिसत नसते, आणि उजेड लागला की पुढेही काही दिसणार नसते, हे त्यांना संध्याकाळी स्टुडिओवाल्याने सांगितले. वडिलांनी दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे डबा उघडून पुढे केला. काकांनी त्या दिवशी भजे घेतले नाही.

त्यानंतर सहा महिन्यांच्या आत काकांनी जुना कॅमेरा विकत घेतला आणि आमच्या घरात ज्याला प्रसंग म्हणता येईल ते सगळे टिपायला सुरुवात केली. माझे पहिले पाऊल, जावळ, कांजिण्या, नापास झालेल्या वर्षाचा निकाल. सगळ्याचे फोटो आहेत. जग डिजिटलकडे गेले तेव्हा काकांनीही मुलीने दिलेला डिजिटल कॅमेरा घेतला, पण त्याला ते कॅमेरा मानत नाहीत. "कॅल्क्युलेटर आहे तो," म्हणतात. विमानतळाच्या यंत्रात तो खुशाल जाऊ देतात. फिल्मचा कॅमेरा जाऊ देत नाहीत. विमानतळावर त्यांचे वागणे हा वेगळा विषय आहे. बॅगेतली प्रत्येक वस्तू पारदर्शक पिशवीत असते आणि पिशवीवर हिंदीत चिठ्ठी असते: 'लेंस, बड़ा', 'लेंस, छोटा', 'पोंछने का कपड़ा, साफ'. तपासणाऱ्या जवानाला ते शिकवतात की झडती घेताना खिशाकडे नाही, तोंडाकडे बघायचे. एकदा त्यांचा ट्रायपॉड काठी समजून अडवला, तर त्यांनी वाद घातला की काठीला एक पाय असतो, याला तीन आहेत, नियम काठीचा आहे. तो वाद ते हरले. ट्रायपॉड सामानात गेला. काका आजही म्हणतात की निकाल चुकीचा होता.

दोन वर्षांपूर्वी काकांनी पुण्याहून फिल्मचा एक रोल मागवला, वडिलांना तिलवाऱ्याला नेले आणि नर्मदेच्या काठी त्यांचे एकापाठोपाठ पस्तीस फोटो काढले. डिजिटलवर काहून नाही, असे मी विचारले, तर म्हणाले, "फिल्मवर बिघडलं होतं. फिल्मवरच दुरुस्त होईल." छत्तिसाव्या फोटोच्या वेळी वडील म्हणाले, "एक राहू दे. मागाहून काढू." तीन महिन्यांनी वडील गेले. एक फ्रेम बाकी असताना रोल गुंडाळणे काकांच्या तत्त्वात बसत नव्हते, आणि ती फ्रेम कशावर घालवायची हे ठरत नव्हते. कॅमेरा वर्षभर कपाटात राहिला. शेवटी पुण्यात रोल धुणाऱ्याचा पत्ता मिळाला. ट्रेनला झडती नसते म्हणून मी ट्रेन सुचवली. काका चिडले. "मी काहून ट्रेननं जाऊ? चोर आहे का मी? विमानानं जाईन, आणि रोल हातातून जाईल."

विमानतळावर तपासणीच्या रांगेत आमच्या वाट्याला एक तरुण महिला अधिकारी आली. "अंकल जी, कैमरा ट्रे में रखिए."

"नहीं रखेंगे. इसमें रोल है. हाथ से देखिए."

"एक बार में कुछ नहीं होता, अंकल जी."

काका माझ्याकडे वळले. "ऐकलंस? हेच. अक्षर न अक्षर हेच मी तुझ्या बाबांना म्हटलं होतं."

नोंदीसाठी सांगतो: दोनशे स्पीडच्या फिल्मला अशा यंत्रातून एकदा गेल्याने सहसा काही होत नाही. हे मी काकांना घरून निघण्यापूर्वी चार वेळा सांगितले होते. पाचव्यांदा सांगितले नाही.

"तो पीछे से खोलकर दिखाइए," ती म्हणाली.

काकांनी कॅमेरा छातीशी धरला. "खोला तो सब गया, बेटी. मैंने एक बार खोल के देखा है."

मागून कोणीतरी ओरडले, "चलो भैया, फ्लाइट निकल जाएगी!"

"निकलने दो," काका न वळता म्हणाले. "इकतीस साल गेट पे खड़ा रहा हूँ. आज भी खड़ा हूँ."

ती थोडा वेळ त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, खिशाकडे नाही. मग तिने स्फोटके तपासायची कापडाची पट्टी कॅमेऱ्यावरून फिरवली, ती दुसऱ्या यंत्रात घातली आणि हिरवा दिवा लागल्यावर म्हणाली, "ठीक है. अब चलाकर दिखाइए. बटन दबाइए."

काकांनी भिंतीवरच्या पाटीकडे बोट केले. "फोटो खींचना मना है. बोर्ड आपका ही लगा है."

तिला हसू आवरले नाही. "तो उस खाली दीवार का खींच लीजिए."

काकांनी फ्रेमचा आकडा पाहिला, मग ती पांढरी भिंत पाहिली. "तुझ्या बाबांनी ठेवलेली आहे," ते हळू म्हणाले. "भिंतीवर घालवू?" आणि पुढच्याच क्षणी गेटवरचा जुना आवाज लागला. "तू उभा राय तिथं."

"काका, विमान..."

"उभा राय म्हटलं ना! हालू नको. तुझं बारसं होऊन राहिलं."

मी उभा राहिलो. बटन दाबले गेले. काकांनी तिथेच रोल गुंडाळला, डबी मुठीत घेतली आणि पुण्यापर्यंत मूठ उघडली नाही. विमानात चहाही डाव्या हाताने प्यायले.

छत्तीसही फोटो आले. अकरा फोटोंत वडिलांचे डोळे मिटलेले आहेत. एकात त्यांनी तिलवाऱ्याच्या वाळूत उभे राहून दोन्ही हात वर केले आहेत, झडतीसाठी गेटवर करत तसे, आणि हसत आहेत. शेवटच्या फोटोत मी आहे: पायात मोजे, एका हातात कमरेचा पट्टा, दुसऱ्या हाताने पँट धरलेली. त्याच्या मागे काकांनी पेनाने 'बारसे' असे लिहिले आहे.

परवा मी काकांकडे पेढे घेऊन गेलो. त्यांनी खोका घेतला, न दाबता बाजूला ठेवला आणि आरामखुर्चीत डोळे मिटून म्हणाले, "बस, बेटा." मी बसलो. मग खोका उचलून पुन्हा त्यांच्या हातात दिला.

"काका," मी म्हटले, "तपासा."