केळीच्या खांबांचा तराफा
केळीच्या कापलेल्या खांबाचा तुरट वास आला की एरंडोलजवळचा तो मळा आठवतो. मी केळी विकत घ्यायला गेलो होतो आणि दरावरून मळेवाल्याशी भांडत होतो, तेवढ्यात सोबत आलेली माझी नऊ वर्षांची मुलगी शेततळ्याच्या मधोमध दिसली. केळीचे खांब बांधून तिने तराफा केला होता. तळ्याला अंथरलेलं प्लास्टिक इतकं निसरडं, की पडलेल्याला वर चढता येत नाही. मी ओरडणार, तोच मळेवाल्याने माझं तोंड दाबलं. "वरडू नको भाऊ, पोर घाबरी जाई." ती मात्र शांतपणे दोर ओढत काठाला आली. "पप्पा, दोर कुंपणाला बांधलाय. आधी रिकामा तराफा सोडून पाहिला." मला वडिलांनी कधी पाण्याजवळ फिरकू दिलं नाही, पोहायला शिकलोच नाही, म्हणून मी नुसता काठावर उभा होतो. वडिलांवरचा तो राग अजून गेलेला नाही. ती पाण्याकडे निघाली की आजही ‘थांब’ हा शब्द तोंडावर येतो, पण मी तो दाताखाली दाबून धरतो.